ओलीवरची बाग

मे महिन्यातली दुपार होती. अक्कलकोटच्या आमच्या परड्यात काळ्या जमिनीला पडलेल्या एका भेगेत मी सहज म्हणून तुरीची एक काडी सोडून पाहिली. काडी चांगली दीड हात लांब. ती अडखळली नाही, वाकली नाही, सबंध आत गेली. वाकून पाहिलं तर भेगेच्या भिंतीला, वीतभर खाली, एक तपकिरी लगदा लोंबत होता. हात घालून ओढला तेव्हा कळलं, आदल्या जुलैत हौसेनं आणलेल्या शोभेच्या पामचा तो मुळासकट गोळा होता. रोपवाटिकेतून आणताना तो ज्या नारळाच्या भुशात होता, त्याच भुशात अजून बसलेला. दहा महिन्यांत एकही मूळ त्या भुशातून बाहेर पडून काळ्या मातीत शिरलं नव्हतं. उन्हाळा आला, माती आकसली, गोळ्यापासून सुटून बाजूला झाली आणि ते मूळ चारी बाजूंनी वाऱ्यावर उघडं पडलं. मी मात्र फेब्रुवारीपासून रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालत होतो. ते पाणी भेगेतून थेट पाताळात जात होतं.

त्या वर्षी लावलेल्या बावीस रोपांपैकी जूनमध्ये तीन उरली. एक बोगनवेल, एक कण्हेर आणि कुंपणाच्या कोपऱ्यातली एक तरवड. तरवड मी लावलीच नव्हती. म्हणजे खरा हिशोब दोनाचाच.

ही पुस्तिका त्या हिशोबातून निघाली आहे. कमी पाण्यात आणि कमी मेहनतीत टिकणारी झाडं कोणती, असं मला लोक विचारतात आणि मी यादी द्यावी अशी त्यांची अपेक्षा असते. पुढल्या पानांत यादी आहे. पण नुसती यादी हातात पडली की काय होतं ते मी पाहिलं आहे. माणूस यादी घेऊन रोपवाटिकेत जातो, पावसाच्या पहिल्या सरीला सगळं लावून मोकळा होतो आणि पुढच्या मेमध्ये मला येऊन सांगतो की तुमची यादी चुकीची होती. म्हणून यादीच्या आधी ही प्रस्तावना, आणि ती जरा लांब झाली आहे.

अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवर. पलीकडे कर्नाटकाची हद्द, त्यामुळे आमच्याकडे कित्येक घरांत कानडी आणि बाजारात मराठी. पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, तोही सरासरीत. सरासरी म्हणजे चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष एकत्र मिसळून केलेलं पिठलं. हा आकडा सांगितला की पुण्या-मुंबईचे पाहुणे हळहळतात. मी त्यांना इंग्लंडातल्या एसेक्सची गोष्ट सांगतो. तिथं बेथ चॅटो नावाच्या बाईंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या रोपवाटिकेच्या जुन्या मोटारतळाच्या जागी खडीतली बाग केली. आधी जमीन खोल फोडून घेतली, खत घातलं, लावताना पाणी दिलं आणि पुढे कितीही कोरडं वर्ष आलं तरी नळी लावायची नाही असं ठरवलं. ते त्यांनी पाळलं. त्या भागात वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्यापेक्षा कमी! पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन आपल्या डिसेंबरच्याही पलीकडचं सौम्य. आमच्याकडे मृग कधी येतो कधी हुलकावणी देतो, श्रावणात मोठी ओढ बसते आणि खरा पाऊस पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्ताचा. हस्ताचा हत्ती सोंडेनं ओततो तेव्हा परड्यात घोट्यापर्यंत पाणी साठतं. त्यानंतर आठ महिने जवळपास काहीच नाही. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर.

तेव्हा आपला प्रश्न एसेक्सचा नव्हे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यानं १९८१ साली कोरड्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ असा शब्द घडवला, ग्रीक भाषेतला कोरडेपणाचा शब्द घेऊन. तो आता जगभर चालतो आणि आपल्याकडच्या इंग्रजी मासिकांतूनही लॅव्हेंडर, रोझमेरी अशा नावांसकट येतो. ती झाडं भूमध्य समुद्राकाठची. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, पायाखाली खडकाळ निचऱ्याची जमीन. ती आणून आमच्या काळ्या चिखलात हस्ताच्या पावसात उभी केली की उन्हाळ्याची वाट पाहायची गरज राहत नाही, दसऱ्यालाच सडतात. मी लॅव्हेंडर दोनदा लावलं. तिसऱ्यांदा लावणार नाही.

आपल्याकडे झेरिस्केपपेक्षा जुना आणि नेमका शब्द आहे: ओल. पाणी वेगळं, ओल वेगळी. पाणी वरून घालतात, ओल जमिनीत धरलेली असते. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही, कारण त्याची रब्बीची ज्वारी याच फरकावर उभी आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पेरायची, ऑक्टोबरात पाऊस संपतो, आणि त्यानंतर एकही पाणी न देता पीक थंडीभर जमिनीतल्या ओलीवर उभं राहतं. मालदांडी ज्वारीची भाकरी आपण चवीनं खातो. ती भाकरी म्हणजे तीन-चार महिने जपून ठेवलेला सप्टेंबरचा पाऊस असतो. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते याच खोल काळ्या जमिनीच्या जोरावर. शेतकरी बियाणं निवडतो, हे खरंच. पण त्याआधी तो ओल कशी अडवायची ते पाहतो.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं पद्धतशीर संशोधन १९३३ साली सुरू झालं. देशात अशी केंद्रं त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या काळातल्या शिफारशी काय होत्या? बांध घाला, पाणी शेतातच मुरवा, ओळींतलं अंतर वाढवा आणि वरचा थर सतत मोकळा ठेवा. फुलबाग करणाऱ्यानं त्या वाचल्या तर त्याला नव्वद वर्षांपूर्वीच्या शेतकी भाषेत आपलंच अंगण दिसेल. बांध म्हणजे आपलं आळं. ओळींतलं अंतर म्हणजे रोपवाटिकावाल्यानं ‘साहेब, दाट लावा, भरगच्च दिसेल’ म्हटलं तरी दाट न लावणं. आणि वरचा थर मोकळा ठेवणं म्हणजे खुरपणी. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं आपल्याकडे म्हणतातच. काळ्या मातीत तर ते शब्दशः खरं आहे. भेग ही नुसती चीर नसते, ती जमिनीतल्या ओलीला बाहेर काढणारी चिमणी असते. दोन बोटं माती खुरप्यानं भुरभुरीत केली की ती भेगेत पडते, तोंड बुजतं, आणि खालची ओल खाली राहते. माझा पाम मेला तेव्हा मला पाणी घालायचं सुचत होतं, खुरपं घ्यायचं सुचलं नव्हतं.

खुरपं माझ्या हातात दिलं ते शेजारच्या अव्वांनी. वय ऐंशीच्या पुढं, घरात कानडी, माझ्याशी मराठी. परड्याच्या कंपाउंडावरून त्या रोज सकाळी माझा तांब्या बघत असत. एकदा न राहवून म्हणाल्या, “कशाला घालतोस रे रोज? रोज वर मिळालं की ते वरच बघतंय. खाली जाऊ दे की त्याला.” मला वाटलं हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. नंतर पामचं मूळ हातात आलं तेव्हा त्या काय म्हणाल्या ते कळलं. रोज थोडं पाणी मिळालं की मुळं वरच्या चार बोटांत पसरतात आणि मेमध्ये नेमका तोच थर भाजून निघतो. आठ-दहा दिवसांनी एकदा, पण दोन बादल्या, हळूहळू, आळ्यात मुरेपर्यंत दिलं तर मूळ ओलीच्या मागं मागं खाली उतरतं. अव्वांच्या परड्यात शेवगा, कढीपत्ता, पांढरा चाफा, तीन कण्हेरी आणि एक लिंबाचं मोठं झाड. भांडी अजून राखेनं घासतात, ते पाणी शेवग्याला. आंघोळीचं पाणी कण्हेरीला. झाडांना म्हणून वेगळा नळ त्यांनी कधी सोडलेला मी पाहिला नाही. (राखेचं पाणी चालतं, हल्लीच्या भांड्यांच्या पावडरीचं चालेलच असं नाही. त्यातले क्षार साठत जातात, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात ते आधीच भरपूर आहेत. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात ती त्याचीच.)

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कमी पाण्याचं झाड’ याचा अर्थ ‘लावलं आणि विसरलो’ असा नाही. तरवड असो की चाफा, रोपवाटिकेच्या पिशवीतून आलेलं कोणतंही रोप पहिले दोन उन्हाळे परावलंबी असतं. त्याला खाली जायला वेळ लागतो. या पुस्तिकेत मी जी झाडं घेतली आहेत त्यांची परीक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात झालेली आहे. लागवडीनंतरच्या तिसऱ्या मेमध्ये पाणी पूर्ण बंद करूनही जे झाड इथं, या मातीत, या बोअरच्या पाण्याच्या गावात जगलेलं मी स्वतः पाहिलं, तेच घेतलं. त्यामुळे काही प्रसिद्ध नावं तुम्हाला सापडणार नाहीत आणि काही नावं वाचून तुम्ही म्हणाल, हे काय, हे तर रस्त्याच्या कडेला उगवतं!

तेच तर म्हणायचं आहे. झाड निवडायला रोपवाटिकेत जाण्याआधी एप्रिलच्या शेवटी अक्कलकोट रोड स्टेशनच्या बाजूला एक चक्कर मारा, पडक्या वाड्याच्या आवारात डोकवा, दुधनीच्या वाटेवर तुरीची रानं काढून झाल्यावर बांधावर काय हिरवं उरलंय ते पाहा. ज्याला कुणी पाणी घालत नाही आणि तरी जे उभं आहे, त्याची नोंद करा. मी अशी नोंद केली तेव्हा वहीत पहिलं नाव आलं तरवडीचं.

तरवडीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती विकत मिळत नाही आणि जे विकत मिळत नाही त्याला बागेत मान नाही. कमरेएवढं, फार तर पुरुषभर उंचीचं झुडूप. पानं चिंचेसारखी जोडीजोडीनं, पण मोठी. पावसाळा सरता सरता फुलायला लागतं ते थेट थंडीपर्यंत, आणि पिवळा असा की झेंडूनं बाजूला व्हावं. कानडीत तिला आवरिके म्हणतात. पलीकडे तेलंगणात बतकम्मा रचताना तीच फुलं लागतात, आणि त्या राज्यानं तिला राज्यफुलाचा दर्जा दिला आहे. आमच्याकडे नवरात्रात घटाला तरवडीच्या फुलांची माळ घालतात. नऊ दिवस बाया सकाळी माळावर जाऊन फुलं आणतात. तिच्या सालीतल्या टॅनिनवर कातडं कमावायचे, त्यामुळे एकेकाळी तिला बाजारही होता. एवढं सगळं असून अंगणात लावलेली तरवड मी तालुक्यात दोन-तीन ठिकाणीच पाहिली. बी कडक असतं. ऊन-ऊन पाण्यात रात्रभर भिजवून पिशवीत न टोचता सरळ जागेवरच टोचावं, कारण तिचं सोटमूळ पिशवीत वळलं की पुढे कायमचं वळलेलं राहतं. पहिल्या वर्षी ती वीतभरच दिसेल. निराश होऊ नका, त्या वेळी ती जमिनीखाली कामात असते. दरवर्षी माघात निम्म्यावर छाटा, नाहीतर पायाशी उघडी पडते. आणि आमच्या गल्लीतल्या शेळ्या तिला तोंड लावत नाहीत.

शेळी हा कोरड्या मुलखातल्या बागेचा खरा परीक्षक. उन्हाळ्यात गावात हिरवं म्हणून जे काही असतं त्याची तपासणी ती घरोघर करून जाते. म्हणून आमच्याकडच्या जुन्या कुंपणांवर कण्हेर, शेर, केकताड आणि मेंदी दिसतात. कण्हेरीला पाणी कमी असलं तरी चालतं, क्षारही चालतात, बारा महिने फूल असतं आणि शेळी वळूनही पाहत नाही. पण शेळी का पाहत नाही, त्याचं कारण नीट ध्यानात ठेवा. पान, फूल, काडी, सगळी कण्हेर विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तर जास्तच. घरात रांगतं मूल असेल तर ती परड्याच्या टोकाला लावा, दाराशी नको. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून छाटणीच्या दिवशी चष्मा घाला आणि पोरांना लांब ठेवा. ‘कमी देखभाल’ या शब्दात या गोष्टी कुणी सांगत नाही.

केकताडाबद्दल आणखी एक. त्याला पुस्तकी मराठीत घायपात म्हणतात. पूर्वी बांधावर असे, पानं कुजवून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. मूळचं मेक्सिकोचं. कोरफड आणि निवडुंगाप्रमाणे तेही दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडून हवा आत घेतं, म्हणून पाण्याचा खर्च इतका कमी. आपणही मेमध्ये दुपारी दारं-खिडक्या लावून बसतो आणि अंधार पडल्यावर माळवदावर झोपायला जातो. वेगळं काय करतो?

चाफा, कोरांटी, मेंदी, सीताफळ, बोर, कवठ, शेवगा, हादगा यांची पानं पुढे सविस्तर आहेत. इथं फक्त एक वाक्य कोरांटीसाठी: ऑक्टोबरात सकाळी सातला तिच्याजवळ उभं राहून पाहा, फुलचुख्या किती येतात. आणि एक बोगनवेलीसाठी: तिला लाडानं पाणी घातलंत तर नुसती पानं येतील, ताण बसला की फुलते.

आता अडेनियमची कथा. तीही माझ्याच मूर्खपणाची. पाणी न घालता जगणारं झाड म्हणून मोठ्या बुंध्याचं एक अडेनियम आणलं आणि कुंडीत गरीब दिसतं म्हणून जमिनीत लावलं. मे त्यानं हसत काढला. जून, जुलै, ऑगस्ट मजेत गेले. हस्तात तीन दिवस झड लागली, काळी माती पाणी पिऊन फुगली आणि आठवड्याभरात तो टणक बुंधा बोटानं दाबता येईल इतका मऊ झाला. कापून पाहिलं तर आत तपकिरी पाणी. दुष्काळात टिकणारी बरीच झाडं दुष्काळानं मरत नाहीत, ती आमच्या सप्टेंबरनं मरतात. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते तशीच पावसाळ्यात गच्च होते, आणि दोन्ही सोसेल असं झाडच इथलं. म्हणून अडेनियम, कोरफड, निवडुंग यांच्यासाठी मुरमाचा उंच वाफा करायचा, किमान हातभर, आणि त्यात काळी माती एक घमेलंसुद्धा घालायची नाही. तालुक्यात माळावर मुरूम आहे आणि नदीकाठी, बोरीच्या बाजूला, खोल काळी. तुमचं घर यांपैकी कशावर आहे ते खणून पाहा. एक कुदळ आणि पाऊण तास पुरतो. जागेवर हातभर खड्डा घ्या, पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. अजून पाणी उभं असेल तर या पुस्तिकेतला मुरमाच्या झाडांचा भाग तुमच्यासाठी नाही.

चुनखडीचंही लक्षात ठेवा. काळ्या जमिनीत खणताना पांढरे खडे लागतात तो चुना. त्यात गुलाब, जास्वंद, मोगरा यांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात, तेही बोअरचं, म्हणजे आणखी चुना. खरं तर त्यांना लोह मिळत नसतं. चिमूटभर हिराकस शेणखतात मिसळून देतात आमच्याकडे. त्यानं तात्पुरतं भागतं. पण दर दोन महिन्यांनी औषध मागणारं झाड कमी देखभालीचं कसं म्हणायचं, एवढं मात्र मी विचारतो.

चिवटपणाचं कौतुक करताना जपायलाही हवं. फड्या निवडुंगाचं उदाहरण घ्या. अमेरिकेतून आलेलं हे झुडूप दक्षिण भारतात रानोरान इतकं माजलं होतं की ते हटवण्यासाठी १९२६ साली श्रीलंकेमार्गे एक पांढरा, कापसासारखा दिसणारा किडा आणून सोडावा लागला. त्यानं काही वर्षांत रानं मोकळी केली. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, की मोठ्या दुष्काळात फड्याचे काटे जाळून ती पानं जनावरांपुढं टाकत. म्हणजे त्याचा उपकारही झालेला आहे. वेडी बाभूळ अशीच, सरपणासाठी चांगली म्हणून आली आणि आता ओढ्या-नाल्यांतून कुणाला काढता येत नाही. टणटणीचं तेच. म्हणून यादीतली काही परदेशी नावं मी मुद्दाम गाळली आहेत. ती जगत नाहीत म्हणून नव्हे, फार जगतात म्हणून.

याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ सालापासून माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोकाला झाड नको असतं, त्याला उघडा गवताळ माळ हवा. आपण मात्र माळ दिसला की ‘ओसाड’ म्हणतो आणि झाडं लावायला पळतो. परडं म्हणजे अभयारण्य नव्हे, हे मला समजतं. तरीही एखाद्या कोपऱ्यात मारवेल, पवना असं इथलं गवत राखून ठेवा असं मी सुचवतो. मार्गशीर्षात ते सोनेरी होतं आणि उन्हाळ्यात वाळून जमिनीवर आपोआप आच्छादन पडतं. पुढच्या मृगाला पुन्हा हिरवं. त्याला लॉन म्हणता येणार नाही. लॉनच हवी असेल तर हराळी आहे. काळ्या रानातला शेतकरी हराळीला शिव्या देतो, नांगरानंही हटत नाही म्हणून. तीच दूर्वा गणपतीला एकवीसच्या जुड्या करून वाहतो. उन्हाळ्यात ती तपकिरी होईल. होऊ द्या. जूनमध्ये उठते. मेमध्ये हिरवीगार राहणारी विकतची गादी पाहिजे असेल तर तिच्यापुढे रोज नळी धरून उभं राहावं लागेल, आणि आमच्याकडे नळ काही रोज येत नाही.

अंगणाची सगळी जागा शहाबादी फरशीनं मढवू नका, एवढंही इथं सांगून टाकतो. शहाबाद आमच्याच रेल्वे मार्गावर, फरशी स्वस्त पडते, झाडायला सोपी, म्हणून नवीन घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकतात. मग पावसाचं पाणी गटारीत जातं, फरशी रात्री अकरापर्यंत ऊन सोडत राहते आणि चौकोनी भोकात लावलेली दोन झाडं त्या उन्हात भाजतात. पावसाचं पाणी मुरेल एवढी माती उघडी ठेवा. त्यावर तुराट्या किंवा उसाचं पाचट पसरा. पाचट म्हणाल तेवढं मिळतं, कारण हा दुष्काळी जिल्हा राज्यातल्या सर्वांत जास्त साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. (यावर इथं जास्त बोलत नाही, बोलायला बसलो तर प्रस्तावनेची पुस्तिका होईल.) मुरूम किंवा पांढरी खडी पसरायची फॅशन आली आहे, तिची मला झाडांच्या बुडाशी भीती वाटते. मेमध्ये दुपारी त्या खडीवर अनवाणी पाऊल ठेवून बघा.

अक्कलकोटला येणारे भाविक स्वामींच्या वटवृक्षाला प्रदक्षिणा घालतात आणि परत जाताना पुष्कळजण वडाचं किंवा औदुंबराचं रोप प्रसाद म्हणून घरी नेतात. १८७८ साली स्वामींनी देह ठेवला, तो वड आजही गावाचा मध्यबिंदूच आहे. वड दुष्काळ सहज सोसतो. पण तो वाढतो किती, हे देवळात पाहूनच घ्यावं आणि मग आपल्या वीस बाय तीसच्या प्लॉटकडं पाहावं. पारंबी पाण्याच्या टाकीत शिरलेली मी पाहिली आहे. औदुंबराचं उलट, त्याला ओल लागते. विहिरीच्या, ओढ्याच्या काठाचं झाड ते. मुरमाच्या माळावर श्रद्धेनं लावलं तरी उन्हाळ्यात पानं टाकून बसतं. रोप मिळालं असेल तर गावातल्या देवळाच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, विहिरीजवळ लावा. घरी ठेवायचंच तर लिंब लावा. त्याला कानडीत बेवू म्हणतात, आणि अव्वांच्या दारातला बेवू त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला आहे. त्याच्या सावलीत आजही गल्लीतल्या सगळ्या शेळ्या आणि दोन म्हातारे दुपारभर बसतात.

लागवडीची वेळ हा वादाचा विषय आहे आणि मी दोन्ही बाजू करून पाहिल्या आहेत. मृगावर लावलेली झाडं श्रावणातल्या ओढीत अडकतात, तेव्हा त्यांच्याकडं लक्ष द्यावं लागतं. उत्तरा-हस्तात लावलेल्यांना ओल भरपूर मिळते, पण काळ्या चिखलात खड्डा करणं म्हणजे कणकेत चमचा फिरवणं, आणि मुळाभोवती माती गिलाव्यासारखी बसते. आता मी मोठ्या झाडांचे खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापवतो, जूनमध्ये भरतो आणि जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावतो. झुडपं मात्र पूर्वा संपता संपता, मधल्या उघडिपीत. पिशवी फाडल्यावर नारळाचा भुसा झाडून टाकतो, अगदी मुळं उघडी पडली तरी. रोपवाटिकावाले याला नावं ठेवतात. त्यांनी माझ्या भेगेत हात घातलेला नाही.

मोगऱ्याचं पान या पुस्तिकेत नाही. तो तिसऱ्या मेच्या परीक्षेत नापास झाला, तीनही वेळा. माझ्या परड्यात मात्र एक मोगरा आहे. आईनं तिच्या माहेराहून, सोलापुरातून, फांदी आणून लावलेला. त्याच्या बुडाशी एक बिनभाजणीचं नव्हे, चांगलं भाजलेलं पण रोगण नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे, तोंडावर कौल. दर तीन दिवसांनी त्यात पाणी भरायचं, तेवढं पाझरतं आणि मुळं त्या मडक्याला बिलगून राहतात. ही युक्ती चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात सांगितलेली आहे. आईनं ती कुठं वाचली नव्हती. माठ गळायला लागला की फेकायचा नाही, झाडाला द्यायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. हिराकस मी देतो, महिना उलटला की पानं पुन्हा पिवळी. यंदा एप्रिलच्या अखेरीला त्याच्यावर अकरा कळ्या होत्या. संध्याकाळी अव्वा कंपाउंडावरून हात पुढं करतात, त्यातल्या पाच त्यांच्या.